पाचशे वावांचा डोंगर

सोलापूर शहर व आसपासच्या तालुक्यांतील सर्व सुज्ञ नागरिकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अरबी समुद्राच्या तळाशी एक डोंगर असून तो प्रस्तुत लेखकाने स्वहस्ते उभारलेला आहे. त्यासाठी जहाज लागलं नाही, दोर लागला नाही. सुट्टीच्या एका दुपारी, शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या नकाशात, डब्यात उरलेल्या तपकिरी रंगातून तो झाला. चहा निवायच्या आत शिखरासकट पुरा.

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. मी भूगोल शिकवत असे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे किल्ल्याशेजारचा तलाव, आणि उन्हाळ्यात त्यात म्हशी बसल्या तरी त्यांची पाठ कोरडी राही. तरीही समुद्राच्या तळाचा धडा आला की मी टेबलावर चढायचो. सुतळीला शिशाचा गोळा बांधून जमिनीवर सोडायचो. खलाशी त्या गोळ्याच्या बुडाला चरबी फासत, म्हणजे तळाची वाळू नाहीतर चिखल तिला चिकटून वर येई. खोल समुद्रात एकेका जागेच्या मोजणीत अर्धा दिवस जाई. मग दोराच्या जागी पोलादी तार आली, आणि आता तर जहाजावरून आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी किती वेळात परत येतो ते मोजतात, असं मी सांगे आणि टेबलावरूनच आरोळी ठोके. शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर दार आपटत.

एवढं करूनही मोजलेल्या दोन जागांच्या मध्ये शेकडो मैल पाणी कोरंच राही. तिथे नकाशा काढणारा अंदाजाने रेघ ओढतो. मी अंदाजाच्या बाबतीत जरा सढळ हाताचा होतो, इतकंच.

एक दिवस शाळा सुटल्यावर पेठेतला एक विणकर माझ्याकडे आला. घरी तेलुगू बोलणारा, माझ्याशी मराठी. त्याच्या हातात इंग्रजी पत्र होतं. त्याचा एकुलता मुलगा मुंबईला जाऊन आगबोटीच्या भट्टीवर लागला होता. तापाने तो बोटीवरच गेला. त्याला कापडात शिवून, पायाशी वजन बांधून समुद्रात सोडलं, आणि कुठे सोडलं त्याचे अक्षांश-रेखांश कप्तानाने पत्रात लिहिले होते.

"पत्र वाचून घेतलंय मास्तर," तो म्हणाला. "ह्ये आकडे तेवढे कुणाला कळंनात. बायको येकच टायमाला जेवतीय. म्हणती, पोरगं अजून खालीच चाललंय. ते टेकल्याबिगर दुसऱ्यांदा ताटावर बसणार न्हाय. त्याला कुटवर जायचंय तेवढं सांगा."

मी पट्टी घेऊन भिंतीपाशी गेलो. एक रेघ उभी, एक आडवी. दोन्ही येऊन भेटल्या त्या नेमक्या माझ्या तपकिरी डोंगरावर.

मला ठाऊक नाही, हे तीन शब्द तेव्हा म्हणायला हवे होते. पण समोर श्रोता उभा आणि हातात पट्टी.

"डोंगरमाथ्यावर आहे तुमचा मुलगा," मी म्हणालो. "फक्त पाचशे वाव."

"येक वाव म्हंजी?"

"दोन वार."

त्याने छताकडे पाहिलं. "हजार वार. नऊवारीची येकशेअकरा लुगडी, वर येक वार उरतोय. येका मागाचं वर्षाचं काम."

"पोचायला वर्ष कशाला?" मी म्हणालो. "वजन बांधलेलं होतं. तासाभरातच टेकला असेल."

"तसं सांगतो घरी," तो म्हणाला.

आठवड्याने तो परत आला, दारातच उभा राहिला. "तिला तास पटंना मास्तर. म्हणती, माझं पोर कंदी कुटं घाईनं गेलंय का? मागावर कापड जसं उतरतं तसंच खाली उतरंल."

तेव्हापासून मागावरून एक लुगडं उतरलं की ती सुताला एक गाठ मारी. जेवण दिवसातून एकदाच, तेही अर्धी भाकरी. तो बाजारात भेटला की मी लांबूनच विचारायचो, "कितवं?" आणि तो सांगायचा, "बावन्न." हे मी हसत हसत विचारायचो, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

सत्तराव्या लुगड्याला ती सुताच्या कांड्या भरता भरता रहाटावरच चक्कर येऊन पडली. त्या दिवशी तो बोलत असताना मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण काय सांगणार? डोंगर नाही म्हटलं तर तळ आणखी खाली जाणार. म्हणून मी उलटी युक्ती केली. गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "नवी मोजणी आली आहे. डोंगर जरा उंच निघाला. तीनशेच वाव. म्हणजे मुलगा केव्हाच पोचला."

त्याने मान हलवली. "आता न्हाय मास्तर. पैल्यांदा सांगितलं तेच तिनं धरलंय. मधीच थांबवून पोराला फसवायचं न्हाय, म्हणती."

एकशेअकरावं लुगडं उतरलं त्याच आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. नकाशे बघायला पालकांना दारं उघडी होती. दोघं दुपारी आली. त्याच्या खांद्यावर ते शेवटचं लुगडं, तिच्या हातात पितळेचा डबा. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. मनगटं सुतळीसारखी झाली होती आणि उजव्या मनगटाला गाठींचं सूत गुंडाळलेलं होतं. तिने विचारलं, "कुटं?" मी दाखवलं. तिने डोंगरावर पंजा टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तिने डबा उघडला. सकाळी ती घरी जेवलेली होती. हे दुसरं जेवण.

तेवढ्यात हेडमास्तरांबरोबर शाळा तपासणारे साहेब आत आले. माणूस वाईट नव्हता, उलट भूगोलाचा शौकीन. चष्मा सारखा करत ते भिंतीजवळ गेले.

"मास्तर, हा डोंगर कुठून आणलात? माझ्याकडे नवा नकाशा आलाय. त्या बाजूला प्रतिध्वनीने मोजणी झाली आहे. इथे सपाट मैदान आहे, दोन हजार वाव." ते हसले. "रंग उरला होता वाटतं."

हेडमास्तरही हसले. मी तोंड उघडलं. साहेब, तुमचा नकाशा चुकलाय, एवढं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

विणकराची नजर छताकडे गेली होती. ओठ हलत होते. "चारशेचव्वेचाळीस," तो स्वतःशीच म्हणाला. "वर चार वार."

तिने ते ऐकलं. हातातला भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला, झाकण दाबून बसवलं, मनगटावरचं सूत चाचपलं. मग माझ्याकडे बघून, बार्शी इथून किती लांब हे सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "म्हंजी अजून तीन वर्सं चालायचंय त्याला."