कोरियन वहिनींचा फळा

माझ्या चुलतभावाच्या बायकोला स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असा माणूस निमगाव केतकीपासून इंदापूरपर्यंत मला तरी भेटलेला नाही. सेऊलमध्येही तो नसावा. वहिनी चहा उभ्यानं प्यायच्या, पेपर चालत वाचायच्या आणि एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी अर्ध्या वाटेत उठून कंडक्टरच्या शेजारी जाऊन उभ्या राहायच्या. बारामती येईपर्यंत निम्म्या गाडीची गाऱ्हाणी त्यांना पाठ झालेली असायची. दादा आखातात एका कोरियन कंपनीत इंजिनियर होता. कंपनीनं त्याला सेऊलला काही शिकायला धाडलं, तो लग्नच करून आला. वहिनी आधी तिकडच्या एका पक्षाच्या कचेरीत पत्रकं लिहायच्या, मग सरकारच्या माहिती खात्यात गेल्या. मंत्र्यानं कुठं बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं, हे त्या ठरवायच्या. दादानं नोकरी सोडून गावी डाळिंबं लावली आणि ही बाई त्या बागेत आली. शर्यतीचा बैल घाण्याला जुंपावा, तसंच झालं.

मराठी त्या काकींकडून, म्हणजे सासूकडून शिकल्या, त्यामुळं एकदम गावची. संध्याकाळच्या रेडिओवरच्या बातम्या त्यांना निम्म्याच कळायच्या, तरी मान हलवून म्हणायच्या, "भावजी, ह्यो माणूस कायतरी दडवतोय." मग त्यांच्या अंगणात येरझाऱ्या सुरू व्हायच्या. काकी उंबऱ्यात बसून त्यांच्याबरोबर मान इकडून तिकडं फिरवायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "ही हितं टिकत न्हाय बघ. हिला काम पायजे. न्हायतर एक दिवस अशीच चालत चालत कोरियाला जाईल." तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि सुनेच्या हाताला काम मिळावं एवढ्याचसाठी सासू उभी राहिली. लोकसेवेची असली तळमळ मी दुसऱ्या कुठल्या उमेदवारात पाहिली नाही.

माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. त्या एका पात्रतेवर मी प्रचारप्रमुख झालो. काकींची निशाणी छत्री, समोरच्या बाईंची कपबशी. मी मोठ्या हुशारीनं गल्लोगल्ली चहापानाच्या बैठका लावल्या. मंडपवाल्याच्या घरी कपबश्यांना काय तोटा? वरकुट्याच्या पाहुण्यांना भेटून वहिनी परत आल्या, तेव्हा अख्खी आळी बशीत चहा ओतून फुर्र फुर्र करत होती. वहिनींनी एक बशी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. "भावजी, तुमी कुणाकडनं हाय?" मला काही उमगेना. "मतदाराच्या हातात कुणाची निशाणी दिली तुमी?" समोरच्या पार्टीचा एक तात्या पारावर बसून आमचाच चहा पीत होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो बाई. आमचं काम लई सोपं केलं त्यांनी." त्या दिवसापासून आमच्याकडं चहा पेल्यातून मिळू लागला. आणि भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, मी छत्री उघडून हिंडायचं, ही मला शिक्षा झाली.

तरी माझी जीप चालूच होती. मी माईकवरून घरोघर नळ देऊन टाकले. वहिनी डांबरी रस्त्यावर आडव्या उभ्या राहिल्या, जीपमध्ये चढल्या आणि ज्या गल्ल्यांत नळ वाटले होते, त्याच गल्ल्यांतून ते परत घ्यायला लावले. "जे जमणार न्हाय ते आधी सांगायचं," त्या म्हणाल्या. "एकदा खोटं सापडलं, की मागनं खरं बी कुणी ऐकत न्हाय. मी सेऊलमधी बघितलंय." शेवटच्या सभेत काकींनी पदर सावरून सांगितलं, "नळ माझ्यानं व्हायाचा न्हाय. रस्त्यावरच्या दिव्याचं बघती." मी डोक्यावर छत्री ओढून घेतली. आता पडलोच, म्हटलं. आणि काकी निवडून आल्या.

मग वहिनींनी चावडीवर एक फळा टांगला. त्याच्या मधोमध रेघ. एका बाजूला 'झालं', दुसऱ्या बाजूला 'न्हाय झालं'. सरपंचांनी हौस म्हणून परवानगी दिली होती, ते पुढं वर्षभर पस्तावले, कारण दुसरी बाजू खालपर्यंत भरून भिंतीवर उतरू लागली. पण लोक बाजाराला आले की आधी फळा वाचायचे, मग भाजी घ्यायचे. वहिनींच्या अंगणातल्या येरझाऱ्या कमी झाल्या. काकी आता मान न फिरवता सरळ समोर बघून बसू लागल्या.

पण तिकडं सेऊलमध्ये सरकार बदललं. वहिनींचे जुने साहेब आता सरकारात बसले होते, त्यांचा फोन पेठेतल्या एसटीडी बूथवर आला. सरकारच्या वतीनं रोज पत्रकारांसमोर उभं राहायचं काम होतं. उभं राहायचंच, म्हणजे त्यांच्यासाठीच बेतलेलं. वहिनी घरी आल्या आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, अंगणात एका जागी थांबल्या. "आत्याबाई, जाऊ का?"

काकी शेंगा फोडत होत्या. हातातली शेंग फोडून त्यांनी दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "जा. पर मला करमायचं न्हाय, ते आधीच सांगून ठिवती. तूच शिकवलंस."

वहिनी गेल्या. डाळिंबाचा बहार उतरवून दादाही मागोमाग गेला. वहिनी तिकडं टीव्हीवर दिसतात म्हणे. काय दडवतात आणि काय सांगतात, आम्हाला कळायला मार्ग नाही. फळा लिहायचं काम माझ्याकडं आलं. दिवे लागले, ते मी पहिल्या बाजूला लिहिलं. काकी शेजारी उभ्या होत्या.

"आता तिकडं लिही," दुसरी बाजू दाखवून त्या म्हणाल्या. "सून परत आली."

मी लिहिलं. बाजाराला येणारे अजून वाचतात, आणि विचारतात, "ह्ये कधी व्हायाचं?" पुसायचं नाव मात्र कुणी काढत नाही.