सात घरांची मिस्सा

मोठ्या धर्मग्रामातल्या, म्हणजे मोठं चर्च असलेल्या ठिकाणच्या, लोकांकडं सांगण्यासारखं फार नसतं, असं माझं मत आहे. हजार माणसं देवळात आली, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाली, हजार माणसं घरी गेली. कोण कुणाकडं बघणार? आमची कॅथलिकांची मात्र सातच घरं. एकाला शिंक आली की सातही घरांना कळतं. त्यात आम्हांला देऊळ नाही. महिन्यातून दोन रविवारी फादर एसटीनं येतात आणि जोसेफमामांच्या बाहेरच्या खोलीत मिस्सा होते. मिस्सेनंतर एका शेगडीवर पंचवीस माणसांचा चहा उकळेपर्यंत काहीतरी बोलत बसावंच लागतं. किस्से साठतात ते असे. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, अणदूरच्या बाजूला. त्यामुळं निम्मे किस्से माझ्या डोळ्यांदेखत घडलेत, उरलेले चहाबरोबर मिळालेत.

*

जोसेफमामा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. फादर नसतील त्या रविवारी प्रार्थना तेच चालवतात. त्यांच्या भिंतीला भिंत लागून गंगाक्का राहतात. गंगाक्का लिंगायत, माहेर कर्नाटकातलं, गळ्यात इष्टलिंग. सकाळची पूजा झाल्याशिवाय घोटभर पाणी पीत नाहीत.

एका रविवारी फादरांची गाडी वाटेत बंद पडली. मिस्सा दहाची होती. बारा वाजले तरी फादरांचा पत्ता नाही, फोन लागत नाही. मिस्सेआधी एक तास खायचं नाही, एवढाच खरं तर नियम. पण आमची जुनी माणसं सकाळपासूनच काही तोंडात घालत नाहीत, आणि त्यांच्यामुळं बाकीचेही. आता येतील, मग येतील करत सगळे उपाशी बसलेले.

गंगाक्कांनी भिंतीवरून दोनदा विचारलं, "तुमचे स्वामी आले न्हाईत का अजून?" एक वाजता त्या छत्री घेऊन सरळ स्टँडवर गेल्या आणि गाडी येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

आमचे फादर तरुण, समुद्रकाठच्या गावातले, इकडं नवीनच आलेले. ते पायरीवरून खाली उतरायच्या आत गंगाक्का म्हणाल्या, "स्वामी, लवकर चला. सात घरं उपाशी बसल्यात. लहान लेकरं हायत त्यात. आमचे स्वामी एवढा उशीर करत न्हाईत."

फादर बॅग उचलून त्यांच्या मागोमाग चालत आले. मिस्सा सुरू झाली, शुभवर्तमान वाचून झालं, आणि प्रवचनाच्या वेळी फादर म्हणाले, "आजचं प्रवचन स्टँडवर झालंय. ते माझ्यासाठी होतं, मी ऐकलं. आपण पुढं जाऊ."

*

मुलांना धर्मशिक्षण द्यायला एकदा आठवडाभर एक सिस्टर आल्या होत्या. म्हणजे मठातल्या सिस्टर, पांढऱ्या साडीतल्या. शिकवणी संध्याकाळची. मग दिवसा त्या माझ्याबरोबर दवाखान्यात येऊन बसायच्या.

तिथं एक म्हातारबाबा रोज इंजेक्शनला यायचे. त्यांनी मला विचारलं, "ह्या बी सिस्टरच का?"

म्हटलं, "हो."

"मग ह्या सुई टोचत न्हाईत?"

"नाही बाबा. त्या प्रार्थना करतात."

म्हातारबाबांनी जरा विचार केला आणि आपलं स्टूल त्यांच्याजवळ सरकवून घेतलं. आठवडाभर मी टोचत होते आणि सिस्टर बाबांचा दुसरा हात धरून बसत होत्या. आठवड्यानं सिस्टर गेल्या. दुसऱ्या दिवशी मी सुई भरली, तर बाबांनी दंड पुढं करायच्या आधी पंजा पुढं केला.

"धरणाऱ्या सिस्टर गेल्या न्हवं?" ते म्हणाले. "आता दोनी कामं तुमालाच."

*

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होताना फादर म्हणाले, "मटण सगळेच सोडतात. यंदा जे सोडताना खरंच जिवावर येईल, ते सोडा."

जोसेफमामांनी चहा सोडला. ज्या माणसानं पस्तीस वर्षं प्रत्येक स्टँडवर चहा पिऊन गाडी हाकली, त्यानं चाळीस दिवस चहा सोडला. पहिल्या आठवड्यात डोकं धरून बसले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं, की अर्धा कप घ्या, देव काही रागावणार नाही. मामा म्हणाले, "देव न्हाय रागावणार. मी रागावेन माझ्यावर." शेवटपर्यंत थेंब घेतला नाही.

ईस्टरला फादर आले तेव्हा फिलूमामी, म्हणजे मामांची बायको, दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "फादर, पुढच्या साली ह्यांना मटणच सोडायला सांगा. चहा ह्यांनी सोडला, पण चाळीस दिवस क्रूस म्या वाहिला."

*

तेरखेड्याचा दानिएल, आमच्या सातांतलं सगळ्यांत लांबचं घर, फटाक्यांच्या एका कारखान्यात दारू भरायच्या कामावर आहे. दोन गाड्या बदलून मिस्सेला येतो. कामाच्या शेडमध्ये पाऊल टाकायच्या आधी तो कपाळ, छाती, खांदे असा क्रूस काढतो. सहा वर्षं काढत होता. त्याचं कुणाला काही नव्हतं.

मग नवा मुकादम आला. तो म्हणाला, "हितं धर्माचं काय चालायचं न्हाय."

दानिएल म्हणाला, "मी कुणाला काय सांगत न्हाय. आत दारू हाय. आत जाताना देवाला सांगून जातो, एवढंच."

"उद्या हात वर गेला तर कामावर येऊ नको."

दानिएलच्या घरात तो एकटाच कमावता. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं काढलात. आता न काढता आत गेलात तर मला दिवसभर घोर लागंल." म्हणजे प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी मुकादम दारातच उभा. दानिएलनं त्याच्यासमोर क्रूस काढला.  काढला आणि आत गेला. मुकादम त्याला बाहेर बोलवायला वळला, तर मागं कामाला आलेल्या बाया सगळ्या दाराशीच थांबलेल्या. त्यांत आमच्या धर्माची एकही नाही.

मुकादम म्हणाला, "तुमाला काय झालं? चला आत."

त्यांच्यातली वयानं मोठी बाई म्हणाली, "आज त्यानं घाईत काढलाय. त्याला भायेर बोलवा, नीट काढू द्या, मग आमी जातो."

*

आता माझा स्वतःचा एक.

लसीकरणाच्या दिवशी यादीतलं एक मूल राहिलं. मेंढपाळाचं लेकरू. वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पुढं हलला होता. माझ्याबरोबरची बाई म्हणाली, "दिली म्हणून लिहून टाक. कोण बघतंय? शंभरातलं एक."

मी पेन उचललं होतं, हे कबूल करते. उन्हानं डोकं तापलेलं, पाय सुजलेले. पण डोक्यात आलं, की हे मला पापनिवेदनाला सांगावं लागणार, आणि आमचे फादर तीनदा नमो मरियाची प्रार्थना म्हणायला सांगून सोडणाऱ्यातले नाहीत. ते म्हणणार, जा आणि देऊन ये. मग आत्ताच का जाऊ नये? लसीचा डबा खांद्याला लावला आणि निघाले. विचारत विचारत पाच किलोमीटर.

लेकराचा बाप मला बघून वैतागला. "एवढं उनात एका पोरासाठी आलाव व्हय? ताप यील त्याला. जावा, आमाला न्हाय द्यायची."

मी सावलीला टेकले. पाणी मागितलं, प्याले. मग विचारलं, "दादा, मेंढरं किती?"

"शंभराच्या वर हायत."

"सांजच्याला एक कमी भरलं तर?"

"तर काय? हुडकायला जातो."

"बाकीची शंभर असताना?"

"ती कुठं जात्यात? जे हरवलंय त्याच्यामागं जायाचं." असं बोलला आणि मधेच थांबला. माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. बायकोला हाक मारून म्हणाला, "आण त्याला."

लेकरू रडलं, गप झालं. मी डबा बंद करत असताना त्यानं विचारलं, "हे शेरडामेंढराचं बोलणं तुमाला दवाखान्यात शिकवत्यात?"

म्हटलं, "नाही. आमच्या धर्मपुस्तकात आहे. शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ त्याला शोधायला जातो."

तो काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मग लिवणारा धनगरच असंल."

*

हा शेवटचा मी मिस्सेनंतरच्या चहाला कधी सांगितलेला नाही.

जोसेफमामांना एक मुलगा होता, अंतोन. नऊ वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. वळणावर ट्रॅक्टरवाल्यानं रात्रीची ट्रॉली रस्त्यातच उभी केली होती, दिवा नाही, खुणेचा दगड नाही. अंतोन मोटरसायकलवरून आला आणि मागून धडकला. ट्रॅक्टरवाला शेजारच्याच गावचा. कोर्टात मामांनी त्याला जवळून बघितलं होतं, बरोबर होते म्हणून मीही. पुढं केसचं काय व्हायचं ते झालं. मामा घरी आले आणि प्रार्थना चालवत राहिले.

फक्त एक बदल झाला. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना, अपराध्यांना आम्ही क्षमा करतो, हे वाक्य आलं की मामा गप व्हायचे. आम्ही म्हणायचो, ते थांबायचे, आणि पुढच्या वाक्याला त्यांचा आवाज परत यायचा. आम्हां सगळ्यांना ते ऐकू यायचं. कुणी कधी बोललं नाही.

हे तरुण फादर नवीन आले तेव्हा त्यांच्या ते दोन-तीन मिस्सांतच लक्षात आलं. त्यांनी सगळ्यांसमोर नाही, पण मी कपबशा विसळत असताना मामांना विचारलं. मामा म्हणाले, "फादर, मी क्षमा केलेली न्हाय. देवासमोर उभं राहून केली म्हणून कसं सांगू? बाकीचं सगळं खरं हाय, ते म्हणतो."

मला वाटलं, फादर आता समजूत घालणार.  ते म्हणाले, "बरोबर आहे मामा. खोटं म्हणू नका. तोवर तुमच्या वाटणीचं ते वाक्य मी म्हणतो."

त्याला दोन वर्षं झाली. गेल्या थंडीतली गोष्ट. मामा बीपीच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात बाकावर बसले होते, पुढचा नंबर त्यांचाच. तेवढ्यात एक माणूस लंगडत आत आला. पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त येत होतं. खोपटाच्या छपरावरून लोखंडी पत्रा पायावर पडला होता. बरोबर कुणी नाही. मी चेहरा बघितला आणि माझ्या हातातली कापसाची गुंडाळी तशीच राहिली. तोच ट्रॅक्टरवाला. केस पांढरे झाले होते, पण तोच.

त्यानंही मामांना बघितलं. दारातच थबकला, आणि परत फिरायला लागला.

मामा बाकावरून उठले. मला म्हणाले, "सिस्टर, त्याला आधी घ्या. माझं काय, गोळ्याच न्यायच्यात."

मी त्याला टेबलावर घेतलं. सात टाके पडले. सुई घालताना तो माणूस नुसता छताकडं बघत होता. पट्टी बांधून मी बाहेर आले, तर मामा अजून तिथंच. गोळ्या कंपाउंडरनं कधीच दिल्या होत्या, पुडी त्यांच्या खिशात दिसत होती.

त्या माणसाला पाय टेकवेना. भिंतीला धरून तो दोन पावलं चालला आणि थांबला. मामांनी जाऊन त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातानं त्याच्या कमरेला विळखा घातला आणि दोघं पायऱ्या उतरायला लागले. मी दारापर्यंत मागं गेले. मामा पंचाहत्तरीचे. दोघंही पडतील असं मला वाटलं.

तिसऱ्या पायरीवर तो माणूस म्हणाला, "मामा, तुमी मला वळखलं न्हाय वाटतं."

मामा थांबले नाहीत. "वळखलं," ते म्हणाले. "म्हणून तर धरलंय."