घासून काढलेला मस

मिस्तरींनी चाळीस वर्षं एकच काम केलं. लाकडावर जे वर आलंय ते घासायचं आणि मग पॉलिशनं चकाकवायचं. कपाट असो, टेबल असो, नाहीतर जिन्याचा कठडा. असला माणूस स्वतःच्या छातीवरचा मस सोडून देईल होय? तपकिरी, खरखरीत, मेणाचा थेंब चिकटवल्यासारखा दिसायचा तो, आणि सदऱ्याच्या गुंडीला सारखा अडकायचा.

एका दुपारी कारखान्यातले सगळे जेवायला गेल्यावर मिस्तरींनी सदरा काढला, सगळ्यात बारीक पॉलिश पेपर घेतला आणि मस चक्क घासून टाकला. जरा रक्त आलं, पण छाती सपाट झाली. स्वारी खूश!

पंधरा दिवसांत तो परत उगवला, काळाकुट्ट, कडेनं लालभडक. आता मात्र त्यांना मोठा भाऊ आठवला. त्याचं असंच एका काळ्या तिळापासून सुरू झालं होतं, आणि आठ महिन्यांत सगळं आटोपलं होतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. भिंग लावून त्यांनी बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, याला काय केलंत?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"घासला. पॉलिश पेपरनं."

"कमाल करता! कपाट आहे का ते? अहो, हा बहुतेक वयाचा मस असणार. उतारवयात खूप जणांना येतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत. पण तुम्ही तो असा ओरबाडलाय की नुसतं बघून मला खात्रीनं सांगता येत नाही. तुकडा काढून तपासायला पाठवते. आठ दिवस लागतील."

एवढ्या बोलण्यातलं मिस्तरींच्या कानात राहिलं ते 'तपासायला' एवढंच. ते आठ दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. हातात ब्रश तसाच राहायचा आणि डब्यातलं पॉलिश वाळून जायचं. चौथ्या दिवशी न राहवून त्यांनी बायकोला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. आपल्या काळजीनंच हिची ही दशा झाली, असं मिस्तरींना वाटलं.

नवव्या दिवशी कागद हातात आला. साधा वयाचा मस! मिस्तरी जवळजवळ धावतच घरी आले.

"अगं, वाचलो!"

ती मटकन खाली बसली. मग हळूच म्हणाली, "माझ्या पाठीवर तसलेच सात आहेत. दोन वर्षं झाली."

"आणि बोलली नाहीस?"

"भावोजींचं बघितलं होतं ना आपण. म्हटलं, तुम्हाला कळेपर्यंत तरी तुम्ही सुखानं जेवाल."

आठ दिवस ते स्वतःसाठी भ्यायले होते, पण आत्ताच्या भीतीपुढे ती भीती काहीच नव्हती. "माझ्यासारखेच असतील गं," ते म्हणाले.

"तुमचं साधं निघालं म्हणून माझंही साधंच कशावरून?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच दोघं दाराशी उभी होती. तपासणीच्या वेळी मिस्तरी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

डॉक्टरीणबाईंनी एकेका मसावरून भिंग फिरवलं. "काकू, सगळे वयाचेच. तुम्ही नख लावलं नाहीत, म्हणून कसे स्पष्ट दिसतायत. टोचत असतील तर गोठवून काढू, नाहीतर राहू देत. एखादा झपाट्यानं बदलायला लागला, तर मात्र लगेच या."

बाहेर आल्यावर बायको दवाखान्याच्या पायरीवरच बसली आणि तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागली. मिस्तरी घाबरले.

"अगं, आता काय झालं? काही नाही म्हणाल्या ना त्या?"

"दोन मिनिटं लागली हो त्यांना," ती म्हणाली. "आणि मी दोन वर्षं रोज सकाळी उठून तुमच्याकडे बघत होते, आपल्या मागे ह्यांचं कसं होईल म्हणून."

मिस्तरी तिच्या शेजारी पायरीवर बसले. आतबाहेर करणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.