मला ऐकू आलं होतं

पत्रकं लिहिणाऱ्याच्या पोटात काही राहत नाही, असा लोकांचा समज असतो. माझ्या पोटात एक गोष्ट राहिली आहे. आईला सांगितली नाही, गटातल्या पोरांना नाही, कोणालाच नाही. कागदावर तर कधीच उतरवली नाही — आणि कागद तर माझं हत्यार! आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही आमच्या डोळखांबकडचे नाही म्हणून असेल. किंवा असाल — तर असू दे.

थोडं लांबून यावं लागेल. सरळ येता येत नाहीये.

मी ठाण्याला एका विमा कंपनीत होतो. लोकांचे दावे नाकारायची पत्रं लिहायचो. समोरचा माणूस रडत असला तरी शेवटी 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' लिहायचं, ही तिथली रीत. तिशीच्या आत राजीनामा टाकला आणि गावी आलो. मित्र म्हणाले, सुटलास लेका. सुटलोच होतो. पण सुटलेल्या माणसाने सकाळी उठून करायचं काय? हे कोणी सांगत नाही. आधी पोटभर झोपलो. मग कौलं चाळली, कुंपण घातलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. आमचं घर पाड्याच्या खालच्या अंगाला, एकटं. आईबाबा कल्याणला भावाकडे. दुपारी घरात इतकं सामसूम, की कौलावरून सरडा सरकला तरी दचकायला व्हायचं. आपल्याला कोणी बोलावत नाही, कोणाचं आपल्यावाचून अडत नाही — हे तुम्ही कधी अनुभवलंय?

मग मला राग सापडला. कंत्राटी कामगार, बंद पडलेली एसटीची फेरी, भगताच्या नादाने उपचाराविना गेलेलं पोर — रागवायला काय कमी आहे आपल्याकडे? मुरबाडच्या पोरांचा एक गट होता, त्यात शिरलो. मी लिहायचो, आणि मुरबाडच्या स्टँडवर, शहापूरच्या बाजारात उभं राहून वाटायचो. दिवस भरायला लागला. झोप लागायला लागली. आयुष्याचं सार्थक म्हणतात ते हेच, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

त्यातलं एक पत्रक हाकेवर होतं.

आमच्या पाड्यात सांज झाली की पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. रानात जे असतं ते माणसाच्या आवाजात आपलं नाव घेतं, पण दोनदाच. तिसरी हाक त्याला घालता येत नाही, असं म्हणतात. म्हणून माणसाने तीनदा हाक मारायची, तेव्हा ओ मिळणार. शेजारून मीठ हवं असलं तरी तीनदा. मीही तसाच वाढलो. त्यावर मी लिहिलं — माणसाला माणूसच हाक मारतो, पहिल्या हाकेला ओ द्या! मथळा चांगला जाड ठशात. घरोघर वाटलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"आदी त्या भूताला वाचून दाव रे तुजा कागुद," गंगूआत्या म्हणाली. "त्याला पटला तं आमाला पटंल."

ही गंगूआत्या पाड्याच्या वरच्या टोकाला एकटी राहते. नात्याने माझी आत्या नव्हे. सगळ्या पाड्याची आत्या. लेकी लग्न होऊन गेलेल्या. बाळ-बाळंतिणीला आंघोळ घालायला ती, लग्नात मांडवाखाली बसून धवळे म्हणायला ती. तिच्या गाण्यावाचून इथे हळद लागत नसे.

आणि विलासकाका. त्यांच्याकडेच यायचं होतं, इतका वेळ टाळतोय.

काका मुंबईत मोठ्या कंपनीत साहेब होते. निवृत्तीला बरीच वर्षं बाकी असताना सोडून गावी आले. काकी डोंबिवलीला लेकीकडे, अधूनमधून यायच्या. पाड्यात नोकरी सोडून आलेले आम्ही दोघंच, म्हणून आमचं जमलं. पण त्यांना माझ्यासारखा राग नव्हता. माझ्या अंगणातून पाहिलं तर डोंगराच्या उजव्या कुशीत, उंबराखाली एक जुना झरा होता, दगडगोट्यांनी बुजलेला. काका रोज उन्हं कलली की कुदळ-घमेलं घेऊन जायचे आणि एकट्याने गाळ उपसायचे. लोक थट्टा करायचे — "साहेब, टाइम जात नाय तं आमच्या म्हशी राखा!" काका म्हणायचे, "हापिसात पण गाळच काढत होतो. इथं निदान पाणी लागतं." आणि लागलं खरंच. एप्रिलात बायका तिथून हंडे भरून आणायला लागल्या. मी म्हटलं, काका, मोहीम करू, बोर्ड लावू.

"बोर्ड नको रे बाबा. बोर्ड आला की मीटिंग आली. मीटिंगमधनंच तर पळून आलोय."

त्यांचा चेहरा झऱ्यावरून परतताना कसा असायचा, ते मी बघत असे. मला हेवा वाटायचा. हेही कोणाला सांगितलेलं नाही, पण ते फार लहान आहे, जाऊ दे.

झऱ्यापाशी मोबाइलला रेंज नाही. म्हणून मीच त्यांना म्हटलं होतं — काही लागलं तर हाक मारा काका. आणि तीनदा नाही हां! मला एकदाच पुरे.

"बरं, पत्रकवाले," ते म्हणाले.

त्या दिवशी मुरबाडला गटाची बैठक होती. रात्री तिकडेच राहणार, असं मी पाड्यात सांगून गेलो होतो. बैठकीत भांडण झालं — कशावरून, ते आता आठवतही नाही — आणि मी तावातावाने उठून निघालो. जीपने आलो, फाट्यावर उतरलो, शेतातून चालत घरी आलो. वाटेत कोणी भेटलं नाही. दिवाळी सरली होती, भात झोडून झालं होतं, खाचरांत नुसते खुंट. अंगणात पाय धूत होतो. उजेड होता अजून. डोंगराची कड स्पष्ट दिसत होती.

"दिन्याऽऽ."

आवाज काकांचा. पण उजवीकडून नाही, झऱ्याकडून नाही. डावीकडून — करवंदीच्या दाट जाळीतून, जिथे कोणाचंही काही काम नसतं. आणि त्या आवाजात काही नव्हतं. घाबरणं नाही, दुखणं नाही, घाई नाही. सपाट. कोणीतरी काकांचा आवाज उसना आणून त्यात माझं नाव घालून बघतंय, असा. रातकिडे ओरडत होते ते थांबले. तुम्ही म्हणाल, हे तुझ्या मनाचं. असेल.

मी तोंड उघडलं. ओ आलीच नाही.

कशाला भ्यालो? मी भूत मानत नाही. त्या क्षणीही मानत नव्हतो — खरं वाटेल तुम्हाला? मानत नव्हतो, आणि ओल्या पायांपासून वर गार पडत चाललो होतो. मनात म्हटलं, आणखी एक येऊ दे.

आली. पहिलीपेक्षा जवळून. निदान तशी वाटली. जाळीत काही हललं नाही.

मग मी तिसरीसाठी उभा राहिलो. घरोघर पत्रक वाटणारा मी, हातात तांब्या धरून, तिसऱ्या हाकेची वाट बघत उभा होतो. समोरची जाळी काळी होत गेली, मग डोंगरच दिसेनासा झाला. तिसरी हाक आली नाही. मी घरात गेलो. कडी लावली. दिवा लावला नाही. विळा घेऊन दाराकडे तोंड करून बसलो — विळा! कशासाठी, कोणावर चालवायला?

सकाळी आरडाओरड ऐकू आली. गुरं घेऊन गेलेल्यांना काका त्या जाळीत सापडले होते. पाय मांडीपर्यंत काळानिळा. झऱ्याचे दगड हलवताना घोणस चावली होती. नेहमीच्या वाटेवर उंच दगडी उतार आहे, तो एका पायाने उतरता येईना म्हणून ते डावीकडे सोप्या अंगाने सरपटत आले होते. जाळीपर्यंत आले, आणि तिथून हाक मारली.

हे सगळं नंतर, वाटेवरच्या खुणांवरून कळलं. त्या सकाळी मी काय केलं, ते ऐका. ओरडा ऐकल्यावर मी पिशवी खांद्याला लावली, मागच्या दाराने बाहेर पडलो, खुंटांतून वाकून रस्त्यापर्यंत गेलो, आणि रस्त्याने वर चढत आलो. कोणीतरी विचारलं, "आलास का मुरबाडवरून?"

"हो," मी म्हटलं.

काकांना जीपमध्ये घातलं, मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शहापूरला डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. इंजेक्शन होतं, म्हणाले. संध्याकाळीच आणलं असतं तर वाचले असते. म्हणजे बघा. इंजेक्शन होतं. जीप पाड्यातच उभी होती. रस्ता धड होता. ज्या ज्या गोष्टींवर मी आजवर आग पाखडली, त्यातली एकही त्या दिवशी चुकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सगळे काकांच्या ओट्यावर बसले होते, काकीही होत्या. तेव्हा गंगूआत्या आपणहून बोलली. "मी आयकली हाक. दोनदा. विलासभाऊचाच आवाज. पन नाव दिन्याचं घेतलं, म्हून मी म्हटलं दिन्या ओ देईल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पण मी तर मुरबाडला होतो! मग जो घरात नाही त्याला विलास कशाला हाक मारील? एका म्हाताऱ्याने हळूच म्हटलं — तो विलास नव्हताच. बस. तेवढं पुरलं. सगळ्यांना एकदम उमगलं. रानातल्या त्याने आधी काकांना नेलं, मग त्यांच्या आवाजात गंगूला हाक मारली. ऐकणाऱ्याला फसवायला ते गैरहजर माणसाचंही नाव घेतं, असं ठरलं. काकी पदरात तोंड घालून थरथरत होत्या. माझं एक वाक्य हवं होतं तेव्हा. मी खाली शेणाने सारवलेल्या जमिनीकडे बघत होतो.

झऱ्यावर कोणी जाईना. पावसाळ्यात डोंगराची माती आली आणि तो पुन्हा बुजला. काकांनी उपसलेलं सगळं बुजलं. मग पाड्यातल्या आणखी दोघातिघांनी ती हाक ऐकली — माझ्या नावाची, सांजेला, जाळीकडून. शपथा घेऊन सांगतात. खोटं बोलणारी माणसं नाहीत ती.

आणि मी? मी पत्रक लिहिलं. दुसरं काही येतं का मला? 'कानांना होणारे भास' असा मथळा. एकट्या राहणाऱ्या वयस्क बाईला सांजेला कसे आवाज ऐकू येतात, आणि अडाणी समाज त्यावर भूत कसं उभं करतो, हे ठणकावून लिहिलं. नाव घातलं नव्हतं. गरज होती का? गटातल्या पोरांनी पाठ थोपटली, फार धारदार उतरलंय म्हणाले. मी ते पाड्यात वाटलं. आत्याच्याही दारात टाकलं.

पाड्याने ठरवलं, तिला त्याने हाक मारली. मी छापून ठरवलं, तिचं डोकं फिरलं. लहान पोरं तिच्या अंगणातून जाईनाशी झाली. बाळंतिणींना आंघोळ घालायला दुसरी बाई येऊ लागली. मागच्या लग्नसराईत धवळे म्हणायला तिला बोलावणं गेलं नाही. ती आपल्या ओट्यावर बसून, खालून येणारी दुसऱ्या बाईची गाणी ऐकत होती. मध्येच ओठ हलायचे तिचे. मी पाहिलंय.

एकदा ती माझ्याकडे आली. उन्हाची, काठी टेकत. पाणी दिलं ते प्याली नाही, तांब्या हातात धरून बसली.

"दिन्या, एक खरं सांग. तू त्या सांजंला घरी व्हतास का? तू व्हतास म्हनालास, तं मी येडी नाय. मंग तू काय केलंस ते मी इचारनार नाय."

एवढं सोपं करून दिलं होतं तिने. दार उघडून बाजूला उभी राहिली होती.

"नाय गो आत्या," मी म्हटलं. "मी मुरबाडला होतो."

तिने तांब्या खाली ठेवला आणि स्वतःशीच म्हणाली, "मंग माजेच कान." उठून गेली.

आता ती कोणाच्याच हाकेला ओ देत नाही. दिवसाउजेडीही नाही, तिसऱ्या हाकेलाही नाही. लेक माहेरी येते, अंगणातून हाका घालते, आणि ही आत चुलीपाशी कान दाबून बसते. लेकीने दंडाला धरून हलवलं की मगच वळते.

मी त्या जाळीपाशी जाऊन उभा राहिलो आहे. तिथून पाड्यातलं एकच अंगण दिसतं. माझं. काकांनी मला पाय धुताना पाहिलं असणार. पाहूनच हाक मारली असणार. मी मान वर केली, थांबलो, आणि आत जाऊन दार लावलं — तेही पाहिलं असणार, अंधारात निदान ऐकलं असणार.

आत्याला वाचता येत नाही. ते मला ठाऊक आहे, आणि तरी मी हे लिहूनच सांगतोय.

गंगूआत्याला भास झाला नव्हता. रानातलं काही तिच्याशी बोललं नव्हतं. विलासकाकांनी माझं नाव घेऊन दोनदा हाक मारली, आणि मी घरीच होतो.