मामाशी लग्न आणि आनुवंशिकतेचा धडा

आमच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवणारी मी एकटीच. मी रजेवर असले की तो तास कन्नडचे सर घेतात आणि पोरं नुसती बसून राहतात. मुलीला मातीत ठेवून आल्यावर अकराव्या दिवशी मी शाळेत गेले, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "महिनाभर रजा हाय की तुमची. कामून आलाव?"

मी म्हटलं, "धडा राहिलाय सर."

कुठला, ते त्यांनी विचारलं नाही. आनुवंशिकतेचा राहिला होता.

माझी मुलगी सोळा महिन्यांची होऊन गेली. तिचे वडील म्हणजे माझे सख्खे मामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमच्याकडे हे कुणाला वेगळं वाटत नाही. बी.एड. झालं तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "घरचं लेकरू घरातच ऱ्हाईल," आणि मी हो म्हटलं. कुणी बळजबरी केली नाही. मला ते लहानपणापासून माहीत होते, निर्ण्याला, माझ्या माहेरी, सुट्टीत आले की माझी गणितं तपासायचे. लग्नानंतर दोन-तीन महिने माझ्या तोंडून 'मामा'च निघायचं, मग समोर 'अहो' म्हणायची सवय झाली, मनात 'मामा'च राहिलं. ते बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर कामाला आहेत. बिदरलाच राहतात आणि शनिवारी गावी येतात. माझी शाळा मुडबीच्या बाजूला, म्हणून मी इकडे.

चौथा महिना सरला तरी मुलगी मान धरेना. सगळ्या म्हणाल्या, काही लेकरं उशिरा धरतात. मांडीवर ठेवलं की पाय जसे ठेवले तसेच राहायचे. डोळे मात्र अगदी तल्लख होते. मी खोलीत कुठंही गेले तरी नजर मागोमाग यायची. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी तिला पालथं धरून पाहिलं आणि हैदराबादला जायची चिठ्ठी दिली.

हैदराबादच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला घेतलं आणि विचारलं, "रिश्ते में शादी हुई क्या?"

मामा म्हणाले, "हौ. सगी भांजी है मेरी."

रिपोर्ट आल्यावर बाईंनी चिठ्ठीच्या मागे आमचं झाड काढलं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. मामा आणि मी यांच्यामध्ये त्यांनी दोन रेघा ओढल्या. नात्यातलं लग्न असं दोन रेघांनी दाखवतात, हे मला माहीत होतं. बी.एस्सी.ला मी अशी कितीतरी झाडं काढली होती. मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात, त्यामुळे स्नायू चालत नाहीत, शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात, असं त्या सांगत होत्या. मामा मधूनमधून माझ्याकडे बघत होते, मी त्यांना मराठीत समजावून सांगेन म्हणून. मी सांगितलं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. आपल्या दोघांकडंही एकेक बिघडलेली आहे, एक चांगली असल्यामुळं आपल्याला काही झालं नाही. तिला दोन्ही बिघडलेल्याच मिळाल्या. वर्गात सांगते त्याच आवाजात मी हे सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता जेवायला कुठं थांबायचं?"

पावसाळा संपता संपता तिच्या छातीत कफ झाला आणि चौथ्या दिवशी ती गेली. आमच्यात पुरतात. शेताच्या कडेला खड्डा खणला, मठाचे स्वामी आले, कपाळाला विभूती लावली. तूर फुलावर होती. मी पिवळ्या फुलांवरच्या मधमाश्या बघत होते. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, रड गं, मोकळी हो. मी प्रयत्न करून पाहिला.

आणि मग तो धडा.

पुस्तकात वाटाण्याचं उदाहरण आहे, उंच रोप आणि बुटकं रोप. आमच्याकडं वाटाणा कुणी पेरत नाही. तूर, सोयाबीन, उडीद. पोरांनी वाटाणा पाहिलेला तो हॉटेलातल्या उसळीत. म्हणून मी कानापासून सुरुवात केली. कुणाच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, कुणाची सुटी आहे, शेजारच्याचं बघा. वर्गात कालवा झाला. पोरं एकमेकांचे कान ओढून बघत होती, हसत होती. मग फळ्यावर चौकोन काढला, त्याचे चार भाग केले आणि वाहक आई, वाहक बाप लिहून इंग्रजी मोठी-लहान अक्षरं भरली. चौथ्या घरात दोन लहान अक्षरं आली, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या. "चारात एक," मी म्हटलं. "पण लक्षात ठेवा, एक लेकरू आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होतील असं नसतं. दर वेळेला नव्यानं चारात एक." अक्षर चांगलं आलं होतं.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. अभ्यासात बरी, प्रश्न फार विचारायची.

"टीचर, म्हशीची कॉपी काढली म्हणे शास्त्रज्ञांनी. तशी मेलेल्या माणसाची काढता येते का?"

पोरं वहीत बघायला लागली. पोरांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं, पण विचारताना तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

मी उत्तर दिलं. म्हशीच्या एका पेशीतलं केंद्रक घेतात, ज्यातलं केंद्रक काढून टाकलंय अशा अंड्यात घालतात, आणि तो गर्भ दुसऱ्या म्हशीच्या पोटात वाढवतात. माणसाचं असं करायला परवानगी नाही. केलं तरी तो माणूस परत येत नाही, त्याचं जुळं जन्मतं, उशिरा जन्मलेलं. "आणि जनुकात आजार असला तर तो आजारही तसाच्या तसा येतो," एवढं बोलून मी फळा पुसला.

तास संपल्यावर ती मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं माफी मागायला आली. ती म्हणाली, "टीचर, परीक्षा झाल्यावर माझं लगीन हाय, मामासंगं. मग आमच्या चौकोनात काय येईल?"

मी म्हटलं, "तू अजून अठराची नाहीस, आधी ते."

"अठराची झाल्यावर मग?"

"सांगता येत नाही. बहुतेक काहीच येणार नाही. पण बाहेरच्या मुलाशी केलंस तर जेवढा धोका, त्यापेक्षा जास्त असतो."

तिनं मान हलवली आणि गेली.

त्याच आठवड्यात अव्वा माझ्याकडं राहायला आली होती. ती शेंगा फोडत बसली होती, मी वह्या तपासत होते. मध्येच तिनं विचारलं, "हे माझ्यामुळं झालं का गं?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी लाल पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, "माझ्यातलं बहुतेक तुझ्याकडनं आलंय. मामातलं आणि तुझ्यातलं एकाच जागेवरनं, आज्ज्याकडनं नाहीतर आज्जीकडनं. कुणाकडनं, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

अव्वानं उरलेल्या शेंगा फोडल्या. मग टरफलं पदरात गोळा करून बाहेर टाकून आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती निर्ण्याला गेली. मी सांगितलं होतं ते बरोबरच होतं. बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली, तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि मलाही हात करायचं सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. डोक्यावरून पदर, हातात रिकामी पिशवी. उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"बाई, काय भरवलाव लेकीच्या डोस्क्यात? लगीन करणार न्हाई म्हणायलीय. माझ्या भावानं काय वाईट केलंय?"

"अक्का, बसा. भावात काही वाईट नाही."

"मंग? आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतंय. सगळी लेकरं धडधाकट हाईत."

"असतात. माझ्या आजोळीही अशी चार लग्नं झालीत, सगळ्यांची लेकरं चांगली आहेत. धोका वाढतो एवढंच मी सांगितलं. पुस्तकातच आहे."

"तुमचं झालं म्हणून काय सगळ्यांचंच होतंय व्हय?"

बोलून गेल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्यासाठी पाणी मागवलं. मला वाईट वाटायला हवं होतं, असं मला वाटलं. तिनं पाणी अर्धं प्यायलं, ग्लास टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

ते लग्न झालं नाही. तिच्या मामाला औरादकडची मुलगी केली. त्या लग्नाला बहिणीला, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या आईला, बोलावणं आलं नाही, ती गेलीही नाही, आणि तेव्हापासून भावा-बहिणीचं जाणं-येणं बंद आहे. ती विद्यार्थिनी बसवकल्याणला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेऊन शिकते. मागच्या दिवाळीत बसस्टँडवर भेटली. मी विचारलं, अभ्यास कसा चाललाय. चांगला चाललाय म्हणाली. बस लागली तेव्हा पिशवी उचलता उचलता म्हणाली, "टीचर, मला मामा आवडायचा."

बस भरत होती, ती चढून गेली.

गेल्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात हैदराबादला जाऊन वारेचा छोटा अंश तपासायला दिला. निकाल यायला तीन आठवडे लागतील म्हणाले. ते तीन आठवडे मी भाजी केली, धुणं धुतलं, शाळेत गेले. मामा रोज फोन करायचे आणि दुसरंच काहीबाही बोलायचे, बिदरला किती ऊन पडलंय, गोदामात पोत्यांना वाळवी लागलीय. मीही दुसरंच बोलायचे.

निकाल आला त्या दिवशी माझी परीक्षेची देखरेख होती. उत्तरपत्रिका गोळा करून ऑफिसात दिल्या आणि मग फोन बघितला. मामांचे सात मिस्ड कॉल. मी फोन लावला. ते म्हणाले, "एकच हाय. आपल्यासारखंच. एकच बिघडलेली." आणि रडायला लागले. मुलगी गेली तेव्हाही ते इतके रडले नव्हते. मी म्हणाले, "म्हणजे वाहक. लेकरू चांगलं राहील." ते म्हणाले, "व्हय, डॉक्टर तेच म्हणाल्या."

मग मी निर्ण्याला फोन लावला. किती महिन्यांनी लावत होते ते आठवेना. अव्वानं उचलला.

"अव्वा, निकाल आला. चांगला आहे."

मागं कुणीतरी कन्नडमधून तिला विचारत होतं, कुणाचा फोन. ती म्हणाली, "लेकीचा." मग मला विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेव. मी उद्याच्या गाडीनं येते."

घरी येऊन मी सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि भर दुपारी आडवी झाले. काय वाटतंय ते बघायला गेले तर काही सापडलं नाही, फक्त झोप आली.