पुस्तकांतला टक्क आवाज

दूध तापवायला ठेवण्याआधी आत्या पातेल्याचा वास घ्यायची. रोज.

"वन्सं, घासलंय मी ते," वहिनी म्हणाली.

"घासलंयस गं. पण दूध नासलं की आपण दुधालाच बोल लावतो. पातेल्याला कोणी विचारतं का?"

"तुम्ही विचारा. मी चहा मागतेय, जबानी नाही."

गल्लीत तिला संशयआत्या म्हणत. तीस वर्षं टेलिफोन केंद्रात तारांमधले दोष हुडकण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ती भावाच्या घरातल्या पुढच्या खोलीत संगणक दुरुस्तीला बसली. गिऱ्हाईक म्हणालं, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं," की आत्या चष्म्यावरून आधी त्याच्या हातांकडे बघायची, मग यंत्राकडे.

दूध वर येतंय तोच दार वाजलं. तीनदा, घाईनं.

दारात ध्वनिग्रंथालयाच्या व्यवस्थापिका उभ्या होत्या. अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून, ती ध्वनिमुद्रित करून द्यायचं काम त्यांची संस्था करते. मागे ड्रायव्हर संगणकाचा डबा छातीशी धरून उभा.

"आत्या, आमची पुस्तकं बिघडताहेत. वाचन छान चाललेलं असतं आणि मधेच टक्क वाजतं. कुठे अर्धा शब्दच गायब."

"डिस्क बघितली?"

"बघितली काय, दोन महिन्यांपूर्वी नवीच बसवली. तरी चालूच. म्हणजे यंत्र ठणठणीत आहे." बाईंनी आवाज खाली आणला. "हे सगळं रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ, आमचे ध्वनिमुद्रकच करताहेत. बढती नाकारली ना आम्ही. याच यंत्रावर बसणाऱ्या सकाळच्या बाईंच्या कामात एक टक्क नाही. जे काय होतं ते यांच्या दुपारच्या पाळीत. आणि ऐका, मागच्या वर्षी चांगली असलेली पुस्तकंसुद्धा आता बिघडलीत. फायलींवर तारखा कुठल्या? सगळ्या शनिवारच्या. शनिवारी एकटे तेच असतात."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"यंत्रात दोष नाही एवढं दोन ओळींत लिहून द्या. चार वाजता समितीची बैठक आहे. त्यांना कामावरून काढायचं पत्र तयारच आहे." पर्समधून पत्राचा कोपरा डोकावत होता.

निदान आधी आणि तपासणी नंतर, हे आत्याला मुळीच रुचलं नाही. पण बाईंचं म्हणणं खोटंच असेल असंही तिनं धरलं नाही. बढती हुकलेला माणूस तिनं केंद्रात पाहिला होता. भल्या गृहस्थानं एका दुपारीत चाळीस जोडण्या उलट्यापालट्या करून ठेवल्या होत्या आणि वर चौकशीत सगळ्यांना पाणी आणून दिलं होतं.

"दोन वाजता या," ती म्हणाली.

बाई गेल्या. आत्यानं डबा उघडला, धूळ झटकली आणि दोन फायली निवडल्या. एक अर्ध्या मिनिटाची सूचना, दुसरी तीन तासांचं वाचन. त्या यंत्रावर दोन्हींच्या दहा-दहा नकला केल्या. मग डिस्क काढून स्वतःच्या संगणकाला लावली. प्रत्येक फाईलमधल्या सगळ्या मजकुरावरून संगणक एक लांबलचक आकडा काढून देतो. मूळ आणि नक्कल तंतोतंत एक असतील तरच दोन्हींचा आकडा जुळतो.

"तिथेच का नाही काढत आकडे?" वहिनीनं भाजी निवडता निवडता विचारलं.

"आरोपीलाच साक्षीला उभं करू?"

लहान फाईलच्या दहाही नकला जुळल्या. मोठ्या फाईलच्या तीन जुळल्या नाहीत. आत्याला लगेच स्वतःच्या संगणकाचा संशय आला. तिनं भाचीच्या लॅपटॉपवर आकडे पुन्हा काढले. त्याच तीन. मग मोठ्या फाईलच्या दहा नकला स्वतःच्या संगणकावर, पण त्याच डिस्कवर केल्या. दहाच्या दहा जुळल्या. डिस्क निर्दोष सुटली.

उरल्या मेमरीच्या दोन पट्ट्या. काम चालू असताना संगणक सगळा माल या पट्ट्यांवर मांडून ठेवतो. आत्यानं डिस्क परत जागेवर नेली आणि एकेक पट्टी काढून तोच खेळ मांडला. पहिली एकटी असताना सगळं जुळलं. दुसरी एकटी असताना दहातल्या सहा नकला बिघडल्या. दुसरी पट्टी पहिलीच्या खाचेत बसवली, तरी बिघडल्याच.

"खाच निर्दोष," आत्या पुटपुटली. "खोड पट्टीची."

"सुटला बिचारा!" वहिनी म्हणाली.

"थांब गं. त्याच्याच पाळीत का, ते कळू दे. आणि जुनी पुस्तकं आपल्या पायांनी चालत येऊन बिघडली का?"

सकाळच्या बाई काय करतात, ते तिनं डिस्कवर पाहिलं. छोट्या सूचना, पानभर मजकूर. एवढा माल एका कोपऱ्यात मावतो, दुखऱ्या जागेपर्यंत पोचतच नाही. ध्वनिमुद्रक मात्र दुपारी तासातासांची प्रकरणं जोडत होते. मेमरी काठोकाठ भरत होती. पाळीचं कोडं सुटलं. शनिवारचं राहिलं. तिनं ध्वनिमुद्रकांनाच फोन लावला.

ते धावतच आले. इस्त्रीचा शर्ट, पडलेला चेहरा. पत्राची कुणकुण त्यांना लागलेली होती.

"शनिवारी जुन्या फायली उघडता?" आत्यानं बसा न म्हणताच विचारलं.

"उघडतो."

"आणि?"

"तक्रारी आल्यापासून एकेक जुनं पुस्तक तपासतोय. आवाज कुठे बारीक वाटला तर सारखा करतो आणि परत जपून ठेवतो."

"मूळ फाईलवरच?"

"हो. जागा वाया जायला नको म्हणून."

आत्या त्यांच्या हातांकडे बघत राहिली. हात स्थिर होते. आपण काय केलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता, याची तिला खात्री पटली, आणि पटली म्हणून जास्तच वाईट वाटलं.

"अहो, त्याच दुखऱ्या पट्टीवरून नेलीत तुम्ही एकेक चांगलं पुस्तक. जपायला म्हणून."

"किती?" ध्वनिमुद्रकांनी विचारलं.

"शनिवारच्या तारखेची एकशे बारा."

"मला वाटलं, माझे कानच गेले," ते म्हणाले. "शनिवारी जपलेलं पुस्तक सोमवारी लावलं की टक्क ऐकू यायचं. शनिवारी तर नव्हतं, मग आपल्यालाच भास होतोय, म्हणून कोणाला बोललो नाही."

दोनला पाच मिनिटं असताना बाई आल्या. ध्वनिमुद्रकांना बघून दारातच थबकल्या. आत्यानं पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं, शनिवारसकट.

"म्हणजे केलं यांनीच," बाई लगेच म्हणाल्या.

"बिघडवलं पट्टीनं. यांच्या हातून. दोन्ही लिहीन मी."

"आत्या, समितीला हो की नाही एवढंच लागतं."

"तीच तर भीती आहे. अर्धा कागद वाचला तर यांची नोकरी जाते." आत्यानं बाईंच्या पर्सकडे पाहिलं. पत्र अजून तिथेच होतं, आणि बाईंचा हात त्यावर. "पैसे नकोत मला. चारच्या बैठकीत एक खुर्ची द्या. कागद मी स्वतः वाचून दाखवते."