बुचाखालची दोन बोटं जागा

मी सातवी नापास. लिहिताना चुकलं तर चुकू दे. बायको जाऊन वर्ष झालं, आणि तिनं माझं पळणं कसं वाचवलं ते कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. म्हणून मीच बसलोय.

माझं गाव रहिमतपूरजवळ. थोरला भाऊ मिल्ट्रीत गेला, माझी छाती मापात बसली न्हाई. भरती हुकली, पण भरतीसाठी लावलेली पळायची सवय अंगात राहिली. एक दिवस पळालो न्हाई तर जेवण गोड लागायचं न्हाई.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर सांगलीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत शिपाई लागलो. दिवस उगवताना, घाटावर माणसं उतरायच्या आत, कृष्णेचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरायचं आणि विश्रामबागला साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. नेमकी तीच माझी पळायची वेळ. मग मी बाटल्या पिशवीत घालून पळतच यायचो. एका फेरीत दोन कामं. लय हुशार समजायचो स्वतःला.

एकदा भोई लोक मेलेल्या माशांची पाटी घेऊन हापिसात आले. म्हणाले, वरच्या अंगाला कारखान्याचं काळं पाणी नदीत सोडलंय. साहेबांनी तपासणीचा कागद पुढं केला. "पाण्यात मुरलेली हवा भरपूर आहे. मासे गुदमरतील कसे?"

म्हातारा भोई म्हणाला, "मग ह्यो कागद ह्या माशास्नी वाचून दावा की. उठत्याल."

साहेब माझ्याकडं वळले. "बाटली किती भरतोस?"

"दोन बोटं कमी."

"काठोकाठ भर म्हणून सांगितलं होतं ना?"

"काठोकाठ भरली की पळताना बूच उडतंय, सायेब."

साहेबांनी कपाळाला हात लावला. त्या दोन बोटांत हवा राहायची आणि माझ्या पळण्यानं पाण्यात मिसळायची. मरतं पाणी मी ताकासारखं घुसळून जिवंत करून आणत होतो. साहेब म्हणाले, "पळणं सोड, नाहीतर नोकरी सोड."

घरी ताटावर नुसता बसून राहिलो. बायकोनं खोदून खोदून सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "सायेबाचं काय चुकलं? चूक तुमची हाय."

"मग काय करू? पळणं सोडू?"

"बाटल्या गच्च भरून माझ्या डोक्यावर द्या. तुमी पळा."

"लय लांब हाय गं."

"मी दुष्काळी जतकडची हाय. आमच्यात घागर काठोकाठ भरत्यात. दोन बोटं कमी आणली असती तर आईनं घरात घेतलं नसतं."

दुसऱ्या दिवशी खात्री करायला साहेब स्वतः घाटावर आले. एक बाटली त्यांनी तिथंच औषधं घालून तपासली. बाकीच्या हिनं पाटीत ओल्या गोणपाटावर ठेवल्या, चुंबळ सारखी केली आणि निघाली. मी पुढं पळायचो, वळून तिच्यापर्यंत यायचो, परत पुढं. रस्त्यातली एक बाई ओरडली, "आगं, नवरा मोकळा पळतोय आन् वझं तुझ्या डोक्यावर?"

"पळू दे की. घरात बसून माझं डोकं खाण्यापरीस बरं!" मान जरासुद्धा न हलवता ही म्हणाली.

विश्रामबागला साहेबांनी तिची बाटली तपासली. घाटावरचा आकडा आणि हा आकडा, दोन्ही एक. हवा अगदीच कमी. भोई खरं बोलत होते. साहेब हसले. "नोकरीला खरं तर बाईंना घ्यायला पाहिजे होतं."

"आवं सायेब, मग ह्यास्नी कोण पळवणार?"

त्या दिवसापासून बाटल्या रोज तिच्याच डोक्यावर आल्या. खरा कागद वर गेला आणि काळं पाणी बंद झालं. नदी निवळल्यावर तोच म्हातारा भोई दारात ताजा मासा घेऊन आला. मी हात पुढं केला तर म्हणाला, "तुला न्हाई रं गड्या. वैनीला."

पुढं साताऱ्याच्या शर्यतीत मी पहिला आलो. कप अजून फळीवर आहे. लोक माझ्या पायांचं कौतुक करतात. करू देत. तिला एका पैशाचा पगार कुणी दिला न्हाई आणि मी मागितलाही न्हाई. तो कप तिच्या मानेचा आहे.